१२० हर्ट्झचा टीव्ही: पावसाळाभर वापरल्यावर

मृगाच्या तोंडावर आमच्या फोंड्याच्या घरी ५५ इंची, १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र ताजं करणारा, टीव्ही आला. रंग उत्तम, आवाज ठीक. मला लिहायचंय ते पडद्यावरच्या हालचालीबद्दल, कारण जास्तीचे पैसे मी त्यासाठीच मोजले.

खोक्यातून काढला तेव्हा मोशन स्मूदिंग चालूच होतं. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे २४ स्थिर चित्रांचा असतो. स्मूदिंग चालू असलं की दोन फ्रेमच्या मधली चित्रं टीव्ही स्वतः अंदाजाने बनवून भरतो. मग चित्रपट रोजच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. पात्र हरवतं आणि मेकअप केलेला नट समोर उभा राहतो. झावळ्यांमागून कोणी धावत गेलं तर त्याच्या कडा पाण्यासारख्या हलतात, कारण झावळीमागे काय झाकलंय ते टीव्हीला माहीत नसतं. चित्रपटासाठी हे बंद करा, अगदी शून्यावर. स्मूदिंग आपोआप बंद करणारा फिल्ममेकर मोड असेल तर तो लावला की पुरे.

बंदच ठेवायचं तर १२० हर्ट्झ कशाला? २४ ने १२० ला पूर्ण भाग जातो, प्रत्येक फ्रेम ५ वेळा दिसते. ६० च्या पडद्यावर सहसा एक फ्रेम २ वेळा, पुढची ३ वेळा दाखवावी लागते आणि कॅमेरा सावकाश आडवा फिरला की चित्र अडखळतं. आमच्या जुन्या टीव्हीवर हे सतत डोळ्यांत खुपायचं. आता ते गेलंय.

२४ हा आकडा सौंदर्यदृष्टीतून आलेला नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले, आवाजासाठी फिल्मला ठरलेला वेग हवा होता आणि फिल्मचा खर्चही आटोक्यात ठेवायचा होता. पण पुढे अभिनय, प्रकाशयोजना, नेपथ्य सगळं त्याच वेगावर घडत गेलं. २०१२ मध्ये पीटर जॅक्सनने ‘द हॉबिट’ ४८ फ्रेमने केला, २०१६ मध्ये अँग लीने थेट १२० ने चित्रपट काढला. तरी रूढ झालं ते २४ च.

बाबांचं मत मात्र उलट आहे, जास्त फ्रेमच बऱ्या म्हणतात, आणि नाटकाबाबत त्यांचंच खरं. देवळाच्या उत्सवात गावची मंडळी नाटक करतात, त्याचं चित्रीकरण आम्ही घरी बघतो. २५ फ्रेमने घेतलेल्या ऐतिहासिक नाटकात तलवारबाजी म्हणजे नुसता पुसट पट्टा. तेच ५० ने घेतलं की मनगट कसं वळलं तेही कळतं, पुढच्या रांगेत बसल्यासारखं वाटतं. इथे जास्तीच्या फ्रेम कॅमेऱ्याने खरोखर टिपलेल्या असतात, टीव्हीने रचलेल्या नव्हेत. सगळा फरक तिथे आहे.

मोबाइलवर नाटक घेणाऱ्यांनी एक सांभाळावं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मांडवातल्या साध्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. ६० फ्रेमवर शटर (एक फ्रेम टिपायला लागणारा वेळ) आपोआपवर ठेवून घेतलं तर चित्रात काळे पट्टे सरकू शकतात. फोनमध्ये सोय असेल तर ५० फ्रेम निवडा, शटर १/१०० सेकंद ठेवा.

फुटबॉलला मी स्मूदिंग अगदी थोडं ठेवतो. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवरचा सामना असला की लांब पासमागे नजर नीट धावते, पण गर्दीसमोरून उंच आलेला चेंडू कधीकधी मध्येच फुटल्यासारखा दिसतो.

एक तक्रार आहे. स्मूदिंगची सेटिंग प्रत्येक एचडीएमआयला (सेट-टॉप बॉक्स वगैरे जोडायच्या खाचेला) आणि अ‍ॅपला वेगवेगळी करावी लागते, आणि एका सॉफ्टवेअर अपडेटनंतर ती पुन्हा चालू झालेली आढळली. घेणार असाल तर दुकानातल्या झगझगीत डेमोवर जाऊ नका. संथ दृश्यांचा चित्रपट लावायला सांगा, स्मूदिंग बंद करून घ्या आणि कॅमेरा आडवा फिरतो तेवढंच नीट बघा.