जर्नल खरं, वेबसाइट खोटी: 30,800 रुपये गेले आणि पेपरही अडकला

कॉलेजात शिकवते मी, प्रमोशनसाठी एका जर्नलमध्ये संशोधनाचा पेपर छापायला दिला होता. आधी आकडे सांगते. प्रोसेसिंग फी 2,500. लँग्वेज एडिटिंग आणि फॉरमॅटिंगचे 4,500. पब्लिकेशन चार्जेस 14,800. डीओआयचे, म्हणजे पेपरच्या कायमच्या ऑनलाइन ओळख क्रमांकाचे, 3,000. आणि अंक बंद होत आलाय, याच अंकात हवा असेल तर फास्ट ट्रॅक करून देतो म्हणून वरचे 6,000. झाले 30,800 रुपये. सगळे यूपीआयने, माझ्या पगाराच्या खात्यातून. आणि ज्या जर्नलसाठी भरले त्याच्या खऱ्या संपादकांना माझं नावसुद्धा माहीत नव्हतं.

बोगस जर्नल, म्हणजे पैसे घेऊन न तपासता काहीही छापणारं, हे तुम्हाला सांगायला नको. रोज मेल येतात, ‘आदरणीय प्राध्यापक, आपला बहुमोल पेपर पाठवा, तीन दिवसांत छापतो’, ते मी उघडतही नाही. माझ्या बाबतीत झालं ते वेगळं आहे आणि म्हणूनच लिहितेय. जर्नल खरं होतं. जुनं, छापील निघणारं, आमच्याच विषयातलं, माझ्या गाइडचे पेपर त्यात आलेले. खोटी होती ती वेबसाइट. नाव तेच, आयएसएसएन (जर्नलचा अधिकृत नोंदणी क्रमांक) तोच, मुखपृष्ठाचा फोटो तोच, संपादक मंडळाची यादी जशीच्या तशी उचललेली. मूळ जर्नलची धड वेबसाइटच नाही, वर्गणी भरली की पोस्टाने अंक येतो, आणि हे लोक नेमकी अशीच जर्नल्स हेरतात कारण गूगलवर शोधलं की यांचंच दुकान पहिलं दिसतं. क्लोन जर्नल म्हणतात याला. हे प्रकार इतके वाढले होते की यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, केअर लिस्टमध्ये (मान्य जर्नल्सच्या यादीत) क्लोन जर्नल्सची वेगळी यादी द्यावी लागत होती.

ती केअर लिस्ट फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने बंद केली. आता जर्नल चांगलं की वाईट ते ज्याने त्याने आणि ज्याच्या त्याच्या संस्थेने ठरवायचं, त्यासाठी निकष दिलेत म्हणे. निकष वाचले मी. जी साइट खऱ्या जर्नलची हुबेहूब नक्कल आहे ती सगळ्या निकषांत बसते हो! लिस्टमध्येही घोटाळे होते, मान्य, 2018 मध्ये यूजीसीलाच आपल्या जुन्या यादीतून 4,305 जर्नल्स काढावी लागली होती. पण निदान विचारायला एक जागा होती. आणि पेपरची गरज काही कमी झालेली नाही, प्रमोशनच्या फाइलमध्ये सायन्सच्या एका पेपरला 8 गुण आहेत ते आहेतच, ते कुठून आणायचे?

पेपर होता आमच्या भागातल्या एका पाझर तलावातल्या झूप्लँक्टनवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांवर. हे मुद्दाम सांगते कारण ‘पैसे फेकून पेपर छापायला गेली आणि फसली’ असं माझ्या पाठीमागे बोललं गेलंय. पैसे फेकून नाही. दर महिन्याला पहाटे जाऊन प्लँक्टन नेटमधून पाणी गाळायचं, नमुना फॉर्मॅलिनमध्ये घालायचा, लॅबमध्ये येऊन सेजविक-राफ्टर सेलमध्ये एक मिलिलिटर घ्यायचं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून ते चौकोन एकेक करून मोजायचे, हा रोटिफर, हा कोपेपॉड, हा क्लॅडोसेरा. त्या काचेच्या स्लाइडवर हजार चौकोन असतात. मान आणि डोळे कामातून जातात. डेटा अस्सल आहे माझा, एकही आकडा बनवलेला नाही.

संशोधकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एका माणसाने जर्नलचं नाव आणि लिंक टाकली होती, ‘पब्लिकेशन सपोर्ट’. फोन केला तर छान मराठी बोलणारा, मॅडम मॅडम करणारा, विषयाची माहिती असलेला. जर्नलचं नाव ओळखीचं होतं म्हणून मी लिंककडे नीट बघितलं नाही, कोण बघतं? गाइडना विचारलं तर तेही म्हणाले, चांगलं जर्नल आहे, पाठवून टाका. इथेच एक गोष्ट लिहून ठेवा: नाव तपासू नका, पत्ता तपासा. छापील अंक लायब्ररीतून काढा, आतल्या पानावर संपादकांचा जो फोन आणि मेल असतो त्यावर स्वतः विचारा की ही वेबसाइट तुमचीच का.

आता ती रिव्ह्यूची गोष्ट, म्हणजे छापण्याआधी तज्ज्ञ पेपर तपासतात त्याची. ती आठवली की अजून झोप उडते. आठवडाभरात रिव्ह्यू आला. पहिल्या रिव्ह्यूअरने भाषा सुधारा, संदर्भ नवे घाला असं मोघम लिहिलेलं, ते ठीक. दुसऱ्याने लिहिलं होतं की प्रश्नावली भरणाऱ्यांची संख्या कमी वाटते, त्यांचं वय आणि मासिक उत्पन्न यांचा तक्ता जोडावा. प्रश्नावली! माझ्या पेपरात माणूसच नाही. पाणी आहे, तापमान आहे, विरघळलेला ऑक्सिजन आहे आणि प्लँक्टन आहे. मी ते वाक्य परत परत वाचलं. त्या ‘पब्लिकेशन सपोर्ट’वाल्याला फोन लावला तर म्हणाला, मॅडम दुसऱ्या पेपरची कॉमेंट चुकून जोडली गेली, ऑफिसमध्ये फार लोड आहे, तुम्ही फक्त पहिल्या रिव्ह्यूअरला उत्तर द्या. आणि मी दिलं. व्यवस्थित, मुद्देसूद, आभार मानून.

2013 मध्ये सायन्स या नियतकालिकासाठी जॉन बोहॅननने मुद्दाम ढोबळ चुका घातलेला खोटा पेपर 304 ओपन ॲक्सेस (कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या) जर्नल्सना पाठवला आणि निम्म्याहून जास्त जर्नल्सनी तो स्वीकारला, हे मी स्वतः पीजीच्या मुलांना रिसर्च मेथडॉलॉजीच्या तासाला शिकवते. रिव्ह्यू कुणी वाचून केलाय की नाही हे कसं ओळखायचं ते मला माहीत होतं. पण चुका चांगल्या जर्नलच्या ऑफिसातूनही होतात, परीक्षेचे पेपर तपासायचे गठ्ठे टेबलावर पडलेले, फाइल जमा करायची तारीख तोंडावर आलेली, आणि समोर असं जर्नल ज्याच्यावर शंका घ्यावी असं कुणालाच वाटत नव्हतं. अशा वेळी माणूस मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवतो. माझ्या जागी असता तर तुम्हीही ठेवला असता.

दुसरी खूण पैसे भरताना. यूपीआयवर नाव आलं कुठल्यातरी एंटरप्रायझेसचं. विचारलं तर म्हणे जर्नलचं खातं ऑडिटमध्ये आहे, हे आमच्या अकाउंटंटचं. जर्नलचे पैसे जर्नलच्या किंवा संस्थेच्या खात्यावरच गेले पाहिजेत, पावतीसकट. अकाउंटंटचं, मित्राचं, बायकोचं खातं आलं की तिथेच थांबा. आणि डीओआयचे वेगळे पैसे मागणारा हमखास चोर समजा. डीओआय प्रकाशक घेतो, त्याचं बिल लेखकाला लावायचं कारणच नाही. मला दिलेला नंबर नंतर डीओआयच्या अधिकृत साइटवर टाकून बघितला तर असा नंबरच अस्तित्वात नाही. तीन हजार रुपये एका नुसत्या आकड्याचे!

उघडकीला आलं ते प्रमोशनच्या कमिटीसमोर. समितीतल्या एका सरांकडे खऱ्या जर्नलची वर्गणी होती, त्यांनी तो अंक सोबतच आणलेला. माझ्या पीडीएफवर जे पान नंबर छापले होते ती पानं त्यांनी काढून माझ्यासमोर ठेवली. अंक तोच, पान तेच, आणि त्या पानावर कुणाचातरी गवतांच्या प्रजातींवरचा पेपर. खोलीत कुणी काही बोललं नाही. फाइल परत आली.

पैशांचं दुःख एक वेळ गिळता येईल, पेपरचं काय? तो अजून त्या साइटवर आहे. दुसऱ्या जर्नलला पाठवला की प्लेजरिझम सॉफ्टवेअर सांगतं हा आधीच छापलेला आहे, म्हणजे माझाच पेपर मी चोरला असा अर्थ निघतो. काढून टाका म्हटलं तर विड्रॉवल चार्जेस 12,000 मागितले. दिले नाहीत. देऊ नका, कुणीच देऊ नका, पैसे घेऊनही काढत नाहीत. कॉपीराइट फॉर्मवर सही घेतात ती याचसाठी, नंतर तीच सही दाखवून धमकावतात.

आता मदतीचं ऐका. पोलीस स्टेशनला गेले तर ऑनलाइन आहे, सायबरला जा. सायबरला गेले तर तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून विचारलं, मॅडम तुम्ही पैसे कशाचे दिले? पेपर छापायचे. मग छापला ना त्यांनी? वेबसाइटवर दिसतोय ना? मग फसवणूक कसली, सेवा मिळाली तुम्हाला, हे सिव्हिल मॅटर आहे. मी भारतीय न्याय संहितेचं कलम 318 छापून नेलं होतं, दुसऱ्याच्या नावाने खोटं सांगून पैसे घेणं ही फसवणूक नाही तर काय आहे? त्यांनी कागद बघितलाही नाही. ‘तुम्ही शिकलेली माणसंच अशी फसता’ हे मात्र सगळ्या स्टाफसमोर ऐकवलं. बँकेत गेले तर पिन तुम्ही स्वतः टाकलाय, आमच्याकडे डिस्प्यूट होत नाही. कॉलेजात प्राचार्य म्हणाले नॅकचं, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाचं, वर्ष आहे, याचा गवगवा नको. अहो गवगवा नको म्हणूनच तर हे लोक राजरोस धंदा करतायत! विद्यापीठात एका टेबलवरून दुसऱ्या टेबलवर, शेवटी उत्तर काय तर जर्नल निवडायची जबाबदारी लेखकाची. पेपर मागताना जबाबदारी कुणाची असते? दरवर्षी किती पेपर झाले ते आमच्याकडून भरून घेता, नॅकच्या रिपोर्टला लावता, तेव्हा ते पेपर संस्थेचे. फसलो की एकट्याचे. एका ऑफिसने तर माझा तक्रारअर्ज घेऊन पोच द्यायलाही नकार दिला. पोच घेतल्याशिवाय हलू नका, मी हलले, आता तो अर्ज ‘सापडत नाही’.

एकट्या खऱ्या जर्नलच्या संपादकांनी मदत केली. रिटायर्ड प्राध्यापक, वय झालेलं, फोनवर म्हणाले, बाई, तुमच्यासारखे फोन मला सारखे येतात, ती साइट बंद व्हावी म्हणून मीच तक्रारी करून थकलोय. त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं की ही वेबसाइट आमची नाही आणि आम्ही असे पैसे घेत नाही. असं पत्र पहिल्यांदा मिळवा, दुसऱ्या जर्नलच्या संपादकांना तेच दाखवता येतं.

पैसे जाऊन थोडाच वेळ झाला असेल तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, माझ्यासारखं महिने उलटल्यावर कळलं तर फार काही हाती लागत नाही. संशोधनातल्या गैरप्रकारांवर लक्ष ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचने 2022 पासून हायजॅक्ड, म्हणजे क्लोन झालेल्या, जर्नल्सची एक उघडी यादी ठेवली आहे, ती फुकट आहे, त्यात नाव शोधा, पण छोट्या भारतीय जर्नल्सचे क्लोन त्यात सापडतीलच असं धरू नका. आयएसएसएनच्या पोर्टलवर नंबर टाकला की जर्नल छापील आहे की ऑनलाइन ते कळतं, आणि फक्त छापील असलेल्या जर्नलची झकपक वेबसाइट ऑनलाइन सबमिशन घेत असेल तर काय समजायचं ते समजा. हूइज या वेबसाइटच्या नोंदी दाखवणाऱ्या सेवेवर डोमेन (साइटचा पत्ता) कधी घेतलंय ते दोन मिनिटांत दिसतं. माझं जर्नल कित्येक दशकं जुनं आणि ती वेबसाइट जेमतेम वर्षभराची, एवढं एक बघितलं असतं तरी पुरलं असतं. ‘स्कोपसमध्ये (संशोधन पेपरांच्या मोठ्या डेटाबेसमध्ये) आहे’ यावरही जाऊ नका, क्लोन जर्नल्सचे पेपर तिथेही घुसल्याचं सिद्ध झालंय. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलचे पेपर इतर संशोधक किती उद्धृत करतात त्याचा आकडा, फक्त क्लॅरिव्हेट कंपनीचा, बाकी कुठल्याही कंपनीचा छापलेला आकडा म्हणजे विकत घेतलेला शिक्का.

संपादकांचं पत्र, यूपीआयच्या पाचही पावत्या आणि तो प्रश्नावलीवाला रिव्ह्यू जोडून आता पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार देतेय. एकट्या बाईच्या तीस हजारांसाठी कुणी हलत नाही हे कळून चुकलंय. म्हणून ज्यांनी ज्यांनी अशाच कुठल्या एंटरप्रायझेसच्या खात्यावर पेपरचे पैसे भरलेत त्यांनी लाज बाजूला ठेवून मला मेसेज करा, चॅट डिलीट करू नका, पावत्यांचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. नावं बाहेर येणार नाहीत. तक्रार सगळ्यांची एकत्र द्यायची आहे.