पॉवरपॉइंटचं रेकॉर्डिंग: दर स्लाइडला वेगळा आवाज, हेच सगळ्यात भारी

आपला आवाज आणि स्लाइड एकत्र चालतील असं प्रेझेंटेशन ऑनलाइन टाकायचं होतं, २२ स्लाइड होत्या. आधी एका वेबसाइटवर केलं, नाव नाही घेत. तिथे पूर्ण बोलण्याची एकच एमपी३ टाकायची आणि खालच्या पट्टीवर खुणा ओढत बसायचं, कुठली स्लाइड कितव्या सेकंदाला येणार ते. सगळं जुळवून झाल्यावर लक्षात आलं की चौथ्या स्लाइडवर मी आकडाच चुकीचा बोललेय. तेवढं वाक्य बदललं तर ऑडिओ सात सेकंदांनी वाढला आणि पुढच्या अठराच्या अठरा खुणा परत सरकवायला लागल्या. इतकी चिडचिड झाली ना!

मग पॉवरपॉइंटमधलं रेकॉर्ड वापरलं आणि खरंच सुटले. यात आवाज ज्या त्या स्लाइडलाच चिकटतो, कोपऱ्यात स्पीकरचं चिन्ह दिसतं, चुकलं की फक्त तीच स्लाइड परत बोलायची, बाकीच्यांना धक्का पण लागत नाही. तुम्ही किती वेळ बोललात तेच टायमिंग आपोआप सेव्ह होतं. पेनने काही गोल केलं किंवा लेसर पॉइंटर फिरवला तर तेही रेकॉर्ड होतं, आकृती समजावताना याचा फार उपयोग होतो.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, स्लाइड बदलताना ट्रान्झिशन (एक स्लाइड जाऊन दुसरी येतानाचा इफेक्ट) चालू असतं तेवढ्यात आवाज रेकॉर्ड होत नाही. म्हणजे वाक्य पूर्ण करा, क्लिक करा, नवी स्लाइड नीट आली की मगच तोंड उघडा, नाहीतर पहिला शब्द गेलाच समजा.

झालं की एक्सपोर्ट करून त्याची एमपी४, म्हणजे व्हिडिओ फाइल करून घ्या. व्हिडिओची क्वालिटी मी १०८०पी घेते, ७२०पीला बारीक अक्षरं फिकट दिसतात. एक्सपोर्ट करताना रेकॉर्ड केलेलं टायमिंग आणि नॅरेशन (तुमचं बोलणं) वापरायचा पर्याय निवडलाय ना ते बघा, नाहीतर प्रत्येक स्लाइड सरळ ५ सेकंदांत पळते. आणि हो, व्हिडिओत लिंकवर क्लिक होत नाही, त्या खाली डिस्क्रिप्शनमध्ये द्या.

गूगल स्लाइड्समध्ये पण २०१९ पासून ऑडिओ टाकता येतो, चार जणांनी मिळून स्लाइड बनवायच्या तर तेच सोयीचं. पण ऑडिओची फाइल गूगल ड्राइव्हवर लागते आणि तिची शेअरिंगची परवानगी वेगळी द्यावी लागते. शिवाय ऑटो-प्लेला, म्हणजे स्लाइड आपोआप पुढे सरकतात तेव्हा, सगळ्या स्लाइडना एकच वेळ मिळतो, मग एका स्लाइडवर १० सेकंद बोलायचं असेल आणि दुसरीवर ५० तर कसं जमणार?

मूळ पीपीटी फाइल आणि व्हिडिओ दोन्ही स्वतःकडे ठेवा बरं का. ऑनलाइन सोयी बंदही पडतात: स्लाइडशेअर या प्रेझेंटेशन टाकायच्या वेबसाइटचं स्लाइडकास्ट अगदी याच कामासाठी होतं, २०१४ मध्ये ते बंद झालं.