कूलिंग टॉवेल: नवतप्यात पास, आखातात नापास

एप्रिलात 450 रुपये देऊन ऑनलाइन कूलिंग टॉवेल मागवला. ऑगस्टात अबुधाबीला भावाकडे जायचं होतं अन् त्यानं तिथल्या खारफुटीत कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, चालवायचं ठरवलं होतं. आमचं घर ढिवराचं, म्हणजे मासेमारांचं. डोंगा लहानपणापासून हाती आहे, पण समुद्रात वल्हं कधी मारलं नव्हतं.

आधी इथंच पाहिला, इटियाडोह धरणाच्या पाण्यावर, ऐन नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बाबांसोबत. ओला करून गळ्यात घातला की मान लगेच गार पडते, हे खरं आहे. पाऊण तासानं मात्र वाळून पापडासारखा कडक झाला अन् कडा मानेत रुतायला लागली. बाबांनी अर्जुनीच्या बाजारातला 120 रुपयांचा सुती दुपट्टा बांधला होता. त्याचे आतले पदर तेव्हाही ओले होते. त्यात डोकं, कान, मान सगळं झाकतं. टॉवेल कानापर्यंत पोचतच नाही. "कान बांधल्याबिगर उन्हात जाऊ नको, बाबू," असं माय रोज सांगते, अन् ते बरोबर आहे.

अबुधाबीत सकाळी नवाला पाण्यात उतरलो. लाइफ जॅकेटनं छाती-पाठ बंद, वारा लागायला डोकं, मान अन् हात एवढेच मोकळे. म्हणून मानेवरच सगळी भिस्त होती. टॉवेल ओला राहिला, पण गार काही होईना. घाम वाळत नव्हता, नुसता हनुवटीवरून ठिबकत होता. आपला कुलर मे महिन्यात थंड हवा देतो अन् पावसाळ्यात चिकचिक करतो, तसंच हे. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, पण त्याला कोरडी हवा लागते. आखाताचा किनारा वाळवंटाचा असला तरी ऑगस्टात समुद्राचं पाणीच 33-34 अंशांवर असतं अन् हवा दमट. विकणाऱ्यानं "वाळवंटात चार तास गारवा" असं छापलंय, त्यात दमट किनाऱ्याचा उल्लेख नाही. याचा मला राग आहे, कारण अशा भरवशावर माणसाला ऊन लागू शकतं.

टॉवेल खाऱ्या पाण्यात बुडवला, तर मिठानं मान सोलून निघाली. गोडं पाणीच वापरा.

दुसऱ्या खेपेला उजाडता उजाडता उतरलो, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा अन् दुपट्टा घालून. दर दहा मिनिटांनी बाह्यांवर पाणी ओतलं, झाडांच्या सावलीत थांबत गेलो, मीठ-साखरेचं पाणी पीत राहिलो. साडेआठला परत. डोकं दुखलं नाही. तिथं 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12:30 ते 3 उघड्यावर काम करायला बंदी असते, ती का, ते पहिल्याच दिवशी कळलं होतं.

पाचपैकी दोन तारे, तेही आपल्या कोरड्या उन्हाळ्यापुरते. भावासाठी यंदा अर्जुनीहून दोन दुपट्टे घेतलेत.