कारखान्यासाठीचं ‘एआय एचआर’ पॅकेज: हजेरी घ्या, भाकीत बंद ठेवा

नाशिकच्या सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कारखान्यांत सध्या विक्रेते ‘एआय एचआर’ म्हणून जे पॅकेज दाखवत फिरतात, त्याची नावं वेगवेगळी असली तरी आतलं सामान जवळपास एकच असतं. चेहऱ्यावरून हजेरी, बायोडेटांची चाळणी, कामगारांच्या प्रश्नांना उत्तरं देणारा चॅटबॉट आणि साहेबांसाठी एक डॅशबोर्ड. त्या डॅशबोर्डवर कोण नोकरी सोडणार याचं भाकीत लाल, पिवळ्या, हिरव्या ठिपक्यांत येतं. शंभर ते तीनशे माणसांच्या कारखान्याचा विचार केला तर हजेरी पैसे वसूल करून देते, चाळणी आणि चॅटबॉट तपासून घेतले तर कामाचे आहेत, आणि भाकीत बंद ठेवावं. डेमोत विक्रेता सगळ्यात जास्त वेळ भाकितावरच घालवतो, हे आधीच सांगून ठेवतो.

हजेरीपासून सुरुवात करू. ग्राइंडिंगवर किंवा कास्टिंगवर काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यात कूलंटचे (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) हात. अंगठ्याचं मशीन तीन-तीनदा नाकारतं आणि पाळी सुटताना गेटवर रांग लागते. चेहऱ्याच्या मशीनने हा त्रास खरोखर कमी होतो. पण मशीन कुठे बसवलं यावर निम्मं यश अवलंबून आहे. कॅमेऱ्याचं तोंड पश्चिमेला असेल तर दुपारी ३ ला सुटणाऱ्या पाळीच्या वेळी ऊन लेन्सवर येतं आणि समोरच्या माणसाचा चेहरा नुसता काळा दिसतो. मशीन शेडखाली, उजेड माणसाच्या तोंडावर पडेल असं लावा. नोंदणी करताना प्रत्येकाचे हेल्मेटसह, हेल्मेटशिवाय आणि चष्मा असल्यास चष्म्यासह असे फोटो घ्या. द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये टोपी-मास्क चढवण्याआधीच्या दारावर मशीन हवं, आतल्या दारावर लावून उपयोग नाही.

खरेदीआधी मशीनला फसवून पाहा. एखाद्याचा फोटो मोबाईलवर धरा, मग त्याचाच व्हिडिओ लावा. दोन सख्खे भाऊ कामाला असतील तर एकाच्या नावावर दुसऱ्याला उभं करा. जुळणीची मर्यादा कडक ठेवली की खऱ्या माणसाला मशीन ओळखत नाही, सैल ठेवली की दुसऱ्याचीच हजेरी लागते. ही मर्यादा कोण बदलू शकतो आणि बदलली तर त्याची नोंद राहते का, हे विचारा. बायकांच्या लाईनवर चाचणी वेगळी घ्या. २०१८ च्या ‘जेंडर शेड्स’ या अभ्यासात चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणारी तीन व्यापारी सॉफ्टवेअर तपासली होती. सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत चुकांचं प्रमाण ३४.७ टक्क्यांपर्यंत गेलं, गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत ते ०.८ टक्क्यांच्या वर गेलं नाही. हजेरीचं काम वेगळं आहे आणि तंत्रही तेव्हापासून सुधारलं आहे, पण विक्रेत्याच्या ‘९९ टक्के अचूक’वर मान डोलावण्यापेक्षा आपल्याच माणसांवर आठवडाभर चालवून पाहणं बरं.

सगळ्यात जास्त भांडणं रात्रपाळीवरून होतात. माणूस १४ तारखेला रात्री १०.५० ला आत येतो आणि १५ ला सकाळी ७.०५ ला बाहेर पडतो. सॉफ्टवेअर दिवस मध्यरात्री तोडत असेल तर एकाच पाळीचे दोन अर्धवट दिवस होतात आणि पगारात खाडा पडतो. त्याहून अवघड परीक्षा म्हणजे रात्रपाळी संपवून तोच माणूस पहिल्या पाळीला थांबतो आणि दुपारी ३ ला जातो. हा एक नमुना डेमोतच टाकायला सांगा. ओव्हरटाईमचे तास दुप्पट दराने वेगळे निघाले पाहिजेत. वीज गेल्यावर मशीन पंच (आत-बाहेर केल्याच्या नोंदी) साठवून ठेवतं का हे सगळे विचारतात, पण वीज परत आल्यावर मशीनचं घड्याळ बरोबर आहे का हे कोणी पाहत नाही. आणि मशीनने नाकारलेल्या माणसासाठी गेटवर कारणासह सही करायचं रजिस्टर हवंच. ते नसेल तर मशीनच्या चुकीचा दंड कामगार भरतो.

आता बायोडेटांची चाळणी. आयटी कंपनीसाठी बनलेली चाळणी आयटीआयच्या पोराला ओळखत नाही, हे पहिलं. ‘टर्नर’ आणि ‘मशिनिस्ट’ हे ट्रेड आहेत, ‘व्हीएमसी ऑपरेटर’ (संगणकावर चालणारं कटिंग मशीन चालवणारा) हे काम आहे, आणि पाहिजे असलेला माणूस पहिल्यातून दुसऱ्यात येतो, हा संबंध तिला सांगावा लागतो. दुसरी अडचण फॉन्टची. झेरॉक्सच्या दुकानात जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला बायोडेटा डोळ्यांना नीट दिसतो, पण त्या पीडीएफमधला मजकूर सॉफ्टवेअरने उचलला की रोमन अक्षरांचा कचरा निघतो. असा उमेदवार शून्य गुणांवर पडतो आणि का पडला ते कुणाला कळतही नाही. म्हणून शून्य किंवा अगदी कमी गुण मिळालेले सगळे बायोडेटा माणसाने उघडून पाहावेत. तिथेच बहुतेक चुका सापडतात. आडनावाचं स्पेलिंगही घोळ घालतं. वाघ हे कुठे डब्ल्यूने, कुठे व्हीने लिहिलेलं असतं, आणि आधार व पीएफच्या यूएएनमध्ये (कायमच्या पीएफ क्रमांकाच्या नोंदीत) फरक निघाला की पुढे केवायसी अडकतं.

विकत घेण्याआधी एक चाचणी कराच. दोन-तीन वर्षांपूर्वी आलेले तीस-चाळीस बायोडेटा घ्या, ज्यांतले कोण टिकले आणि कोण महिन्यात गेले हे तुम्हाला ठाऊक आहे. निकाल न सांगता चाळणीला द्या आणि तिचा क्रम तुमच्या अनुभवाशी लावून पाहा. मग एकच बायोडेटा दोनदा द्या, फक्त सुरेशच्या जागी सुरेखा लिहून. पुन्हा एकदा, पत्त्यात नाशिक शहरातल्या सिडकोऐवजी दूरचा आदिवासी तालुका सुरगाणा लिहून. गुण बदलले तर विक्रेत्याने कारण दाखवलं पाहिजे. ही शंका हवेतली नाही. ॲमेझॉनने स्वतःसाठी बनवलेलं असंच एक साधन बायकांचे बायोडेटा खाली ढकलत होतं आणि कंपनीने ते सोडून दिलं, ही बातमी २०१८ मध्ये आली. आधीच्या दहा वर्षांतले अर्ज बहुतांश पुरुषांचे होते, साधन तेच शिकलं. अंतराची अटही जपून लावा. सातपूरपासून २० किलोमीटर म्हटलं की दिंडोरी, निफाड, सिन्नर एका फटक्यात बाहेर, मग तुमची बस त्या रस्त्याने जात असली तरी.

चॅटबॉट मराठीत बोलतो म्हणजे कारखान्याची मराठी बोलतो असं नाही. ‘मला उचल पाहिजे’, ‘या महिन्यात किती खाडे पडले’, ‘माझी पाळी बदलून द्या’ ही तीन वाक्यं टाकून पाहा. तिसऱ्या वाक्यावर इंग्रजीतून विचार करणारा बॉट बाईमाणसाला भलताच वैद्यकीय सल्ला देऊ शकतो. उत्तर पॉलिसीच्या कागदावरून देतोय की स्वतःच्या मनाने, हे पगाराच्या प्रश्नांत उघडं पडतं. ऑगस्टमध्ये पगार २१,००० च्या वर गेला तर ईएसआयची (कामगार विम्याची) कपात लगेच थांबेल का? नाही, एप्रिल ते सप्टेंबर हा वर्गणीचा काळ संपेपर्यंत ती चालू राहते. फेब्रुवारीत प्रोफेशनल टॅक्स २०० ऐवजी ३०० का कापला? महाराष्ट्रात वर्षाचे २,५०० तसेच पूर्ण होतात. आणि चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यावर, भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा, हे त्याला माहीत आहे का? जुन्या कायद्यांवर शिकलेला बॉट इथे ठामपणे चुकतो, तोही नम्र भाषेत. ‘हा प्रश्न एचआरकडे पाठवतो’ असं म्हणता येणारा बॉट घ्या. प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणारा नको.

हाच बॉट साहेबांना कारणे दाखवा नोटिसा आणि वार्षिक मूल्यमापनाचे शेरे लिहून देतो. भाषा सफाईदार असते, वेळ वाचतो. पण नोटिशीत रद्द झालेल्या कायद्याचं कलम आलं तर ती कामगार न्यायालयात आपल्याच अंगाशी येते. आणि वीस जणांच्या शेऱ्यांत ‘संघभावना वाढवण्यास वाव’ हेच वाक्य आलं की कामगार ते एकमेकांना दाखवतात. शेऱ्यात निदान एक घडलेली गोष्ट हाताने लिहावी: कोणता जॉब, कोणती पाळी, काय बिघडलं किंवा काय सावरलं.

कराराबद्दल थोडक्यात. चेहऱ्याचा डेटा वैयक्तिक डेटाच आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतात. सुरक्षेची व्यवस्था न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. माणूस सोडून गेला की त्याचा चेहरा किती दिवसांत पुसणार, ठेकेदाराच्या माणसांचा डेटा कुणाच्या ताब्यात, करार संपल्यावर सगळे मूळ पंच एक्सेलमध्ये मिळणार का, हे लेखी घ्या. किमान किती माणसांचं बिल लागतं तेही पाहा. हंगामात दोनशे आणि एरवी साठ माणसं असणाऱ्या पॅकहाउसला हा आकडा झोंबतो.

राहिलं भाकीत. दीडशे माणसांच्या कारखान्यातून वर्षाला जेमतेम काही जण नोकरी सोडतात. एवढ्याशा नोंदींवरून यंत्राला शिकायला फारसं काही मिळत नाही, म्हणून ते रजा, उशीर आणि अचानक मारलेल्या सुट्ट्यांवर बोट ठेवतं. नाशिकमध्ये या गोष्टींचा अर्थ वेगळा आहे. निफाड-दिंडोरीहून येणाऱ्या कामगाराच्या घरी द्राक्षाची बाग असते आणि जानेवारी ते एप्रिल काढणी चालते. कांद्याचं तेच. दर वर्षी त्याच महिन्यांत तो रजा घेतो आणि परत येतो, कधी कधी दहा-दहा वर्षं. डॅशबोर्डवर मात्र फेब्रुवारीत त्याच्या नावापुढे लाल ठिपका. सुपरवायझरने तो ठिपका पाहिला की ‘हा जाणारच आहे’ म्हणून त्याला नव्या मशीनच्या ट्रेनिंगला पाठवत नाही, चांगला जॉब देत नाही, आणि मग माणूस खरंच जातो. भाकीत बरोबर ठरलं म्हणून विक्रेता खूश.

काही पॅकेजांत कॅमेऱ्यावरून ‘मूड’ सांगण्याचीही सोय असते. युरोपियन महासंघाने कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून, २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आणली आहे. वितळभट्टीजवळून आलेल्या माणसाच्या तोंडावर कसला मूड वाचणार?

भाकीत आणि मूड हे दोन्ही भाग विक्रेत्याकडून सेटिंगमध्येच बंद करून घ्या. ‘नंतर बंद करता येतं’ असं तो म्हणेल. निदान सुपरवायझरच्या लॉगिनमधून ठिपक्यांचा रकाना काढल्याचा स्क्रीनशॉट घेतल्याशिवाय पहिला चेक देऊ नका. त्या जागी हजेरीच्या नोंदींवरून गेल्या तीन वर्षांची महिनावार रजा दाखवणारा साधा तक्ता मागा. तो बहुतेक पॅकेजांत निघतो, आणि फेब्रुवारीच्या पाळ्या लावायला तोच उपयोगी पडतो.