टी-5 गिअरबॉक्स आणि 5.0 लिटर व्ही-8: काही महिन्यांच्या वापरानंतर

चौथ्या गिअरमध्ये गाडी चालू असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की लिव्हर आपोआप न्यूट्रलमध्ये येऊ लागला. ज्या गॅरेजने हा गिअरबॉक्स बसवून दिला होता, त्यांनी गाडीखाली न वाकताच निकाल देऊन टाकला की बॉक्सच नाजूक आहे आणि एवढ्या इंजिनाला सहा गिअरचा मोठा बॉक्सच लागतो. हा निकाल साफ चुकीचा होता. मात्र तो तसा असल्याचे सिद्ध करायला मला बॉक्स पुन्हा उतरवावा लागला, गॅरेजशी बराच वाद घालावा लागला आणि मोजमापाचे एक काम शिकून घ्यावे लागले. जुन्या रिअर-व्हील-ड्राइव्ह गाडीत दुसरे इंजिन बसवताना मॅन्युअल गिअरबॉक्स कोणता घ्यावा, या विचारात जे आहेत त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

माझी गाडी हलकी, जुनी सेडान आहे आणि तिच्यात आता फोर्डचे 1987 ते 1992 या काळातील 5.0 लिटर हाय-आउटपुट व्ही-8 आहे. कंपनीच्या आकड्यांनुसार ते 225 अश्वशक्ती आणि 300 पाउंड-फूट, म्हणजे सुमारे 407 न्यूटन-मीटर टॉर्क देते. मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर 3.73 आणि टायर 205/55 आर16 मापाचे आहेत. गिअरबॉक्स आहे 1990 ते 1993 च्या मस्टँगमधला वर्ल्ड क्लास (म्हणजे सुधारित प्रकारचा) टी-5, ज्याच्या गिअरांची गुणोत्तरे, म्हणजे बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे, 3.35, 1.99, 1.33, 1.00 आणि 0.68 अशी आहेत. हा बॉक्स मुळात बोर्गवॉर्नरचा असून पुढे तो व्यवसाय ट्रेमेककडे गेला. याची टॉर्क-क्षमता 300 पाउंड-फूट सांगितली जाते. 1985 ते 1989 च्या मस्टँगमधील बॉक्सची क्षमता 265 आहे, त्यामुळे वापरलेला बॉक्स घेताना शेपटाकडच्या बोल्टखाली अडकवलेली 1352 ने सुरू होणारी पट्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पट्टी हरवलेली असेल तर बॉक्सचा पुढचा भाग पाहावा. वर्ल्ड क्लास प्रकारात काउंटरशाफ्टच्या (बॉक्समधल्या खालच्या, गिअर वाहणाऱ्या शाफ्टच्या) पुढच्या टोकाला टेपर बेअरिंगची पोलादी रिंग दिसते, तर जुन्या प्रकारात तिथे सपाट पत्र्याचे झाकण असते. विक्रेता काहीही सांगो, ही खूण खोटे बोलत नाही.

निवड करताना माझ्यासमोर आणखी तीन बॉक्स होते: ट्रेमेकचा टी-56, त्यांचाच नवा टीकेएक्स आणि निसान 350झेडमधला सीडी009. क्षमतेच्या आकड्यावर निवड करायची असती तर टी-5 पहिल्याच फेरीत बाद झाला असता, कारण टीकेएक्स 600 पाउंड-फूटपर्यंत चालतो आणि टी-56 मध्ये मेनशाफ्ट (चाकांकडे जाणारा शाफ्ट) व काउंटरशाफ्ट यांच्या मध्यांतील अंतर 85 मिलिमीटर आहे, जे टी-5 मध्ये 77 मिलिमीटरच आहे. हे अंतर जितके जास्त, तितका त्याच टॉर्कला दातांवर येणारा भार कमी आणि दात रुंद करायला जागाही अधिक. पण गिअरचे दात इंजिनाच्या कागदावरच्या टॉर्कपेक्षा धक्क्याने जास्त तुटतात. रुंद, चिकट टायर आणि चढ्या आरपीएमवर झटक्यात सोडलेला क्लच या जोडीने टी-5 चा तिसरा गिअर सर्वाधिक वेळा गेलेला आहे. माझी गाडी हलकी, टायर मध्यम. जास्त जोर आला तर टायर आधी सुटतात आणि दात वाचतात. शिवाय टी-5 चे वजन सुमारे 34 किलो आहे आणि टी-56 पन्नास किलोच्या पुढे जातो. मोठा बॉक्स घेतला असता तर टनेल (गाडीच्या तळाच्या पत्र्यातला बॉक्सवरचा उंचवटा) कापून नव्याने घडवावा लागला असता, आणि त्या पत्रेकामाचा खर्च बॉक्सच्या किमतीत कोणी धरत नाही.

सहा गिअर म्हणजे हायवेवर इंजिन निवांत, अशी समजूत सर्रास आढळते, पण ती हिशेबात टिकत नाही. माझ्या टायरवर ताशी 100 किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे 840 फेरे घेते. त्याला 3.73 ने आणि शेवटच्या गिअरच्या गुणोत्तराने गुणले की टी-5 वर सुमारे 2,130 आरपीएम येतात. सीडी009 चा पाचवा गिअर डायरेक्ट (1.00) आणि सहावा 0.794 आहे, त्यामुळे त्याच वेगाला तो बॉक्स सुमारे 2,490 आरपीएम मागतो, म्हणजे सहा गिअर असूनही जास्त. त्यात त्याचे बेलहाउसिंग (बॉक्स इंजिनाला जोडणारे, क्लचवरचे आवरण) पुढच्या केसिंगसोबत एकसंध ओतलेले असल्यामुळे दुसऱ्या इंजिनाला जोडायला ते कापून ॲडॅप्टर लावावे लागते. जनरल मोटर्सच्या एलएस1 इंजिनासोबत येणाऱ्या टी-56 चा सहावा 0.50 आहे आणि तिथे आकडा 1,570 च्या आसपास उतरतो. हा फरक खरा आहे, पण रोज लांब पल्ला मारणाऱ्यालाच त्याचे पैसे वसूल होतील. मला ते परवडण्यासारखे वाटले नाही आणि आजही वाटत नाही.

पहिल्या काही आठवड्यांतले माझे मत मात्र एवढे चांगले नव्हते. पहिला गिअर फारच छोटा वाटत होता: 5,500 आरपीएमला गाडी ताशी 52 किलोमीटरवर पोहोचते आणि लगेच दुसरा मागते, दुसऱ्यात आरपीएम एकदम 3,270 पर्यंत खाली येतात. सुरुवात करताना क्लच थरथरत होता, सकाळी थंड बॉक्समध्ये दुसरा गिअर खरखर करत पडत होता, आणि मग तो चौथा गिअर सुटण्याचा प्रकार सुरू झाला. त्या काळात हा लेख लिहिला असता तर मी टी-5 घेऊ नका असेच लिहिले असते.

खरखरीचे कारण आधी सापडले. गॅरेजने बॉक्समध्ये जाड 80डब्ल्यू-90 गिअर ऑइल भरले होते. वर्ल्ड क्लास टी-5 ला ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड लागते, अडीच लिटरहून थोडे अधिक, आणि त्याच्या सिंक्रो रिंगांना (गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या रिंगांना) जे घर्षण-अस्तर असते ते याच पातळ तेलाच्या हिशेबाने बनवलेले आहे. जाड तेलाचा थर थंडीत त्या अस्तराला समोरच्या शंकूवर पकडच घेऊ देत नाही, गिअरचा वेग वेळेत जुळत नाही आणि दात एकमेकांवर घासतात. तेल बदलल्यावर दुसरा गिअर पहिल्याच थंड सकाळी मऊ पडला. गॅरेजने यावर 'आम्ही सगळ्याच गाड्यांत हेच घालतो' असे उत्तर दिले. ज्यांच्याकडे बॉक्स देणार आहात त्यांना तो कोणते तेल घेतो हे आधी विचारून पाहावे, त्यांचे काम कसे आहे ते त्या एका उत्तरात कळते.

चौथ्या गिअरचे प्रकरण मात्र तेलाने सुटले नाही, आणि या लेखाचा मोठा भाग मला त्यालाच द्यायचा आहे. चौथा गिअर डायरेक्ट आहे, म्हणजे त्यात इनपुट शाफ्ट आणि मेनशाफ्ट स्लीव्हने (सरकणाऱ्या दातेरी कड्याने) एकमेकांना थेट बांधलेले असतात. इनपुट शाफ्टचे पुढचे टोक क्रँकशाफ्टच्या मागच्या पायलट बुशमध्ये (पितळी आधार-कड्यात) फिरते आणि मागचे टोक बॉक्सच्या बेअरिंगमध्ये. बॉक्स कुठे बसणार हे बेलहाउसिंगच्या मधल्या गोल भोकावरून ठरते. त्या भोकाचा मध्य क्रँकच्या मध्याशी जुळला नाही, तर इनपुट शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात किंचित वाकडा ओढला जातो. पायलट बुश झिजतो, क्लच प्लेट नीट सुटत नाही, सुरुवातीला थरथर जाणवते, आणि बाकी गिअर निमूट चालत असताना चौथा मात्र भार निघताच स्लीव्ह मागे ढकलून सुटतो. माझ्या गाडीत ही सगळी लक्षणे होती. बॉक्स उतरवला तेव्हा क्लच प्लेटच्या मधल्या भागावर पितळी रंगाची बारीक पूड बसलेली होती आणि नवा असलेला पायलट बुश एका बाजूने चक्क अंडाकृती झाला होता. गॅरेजचा प्रस्ताव होता की बुश बदलू आणि सिंक्रोचा संच नवा टाकू. बुश का झिजला, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

ही तपासणी कोणत्याही नीटनेटक्या माणसाला घरी करता येते. प्रेशर प्लेट आणि क्लच प्लेट काढून ठेवावी, बेलहाउसिंग एकटेच इंजिनावर सगळे बोल्ट पूर्ण आवळून बसवावे, फ्लायव्हीलवर चुंबकी पाया ठेवून डायल गेजची (बारीक अंतर मोजणाऱ्या सुईच्या मापकाची) सुई गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवावी आणि स्पार्क प्लग काढून पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवावे. क्रँक दर वेळी एकाच बाजूला दाबून ठेवावा, नाहीतर त्याची पुढेमागे होणारी हालचाल मोजणीत शिरते. सुईच्या सर्वात कमी आणि सर्वात जास्त आकड्यांतला फरक 0.005 इंचाच्या, म्हणजे 0.13 मिलिमीटरच्या आत असायला हवा. माझ्याकडे तो 0.38 मिलिमीटर निघाला. प्रत्यक्ष मध्य याच्या निम्म्याने सरकलेला असतो, म्हणजे 0.19 मिलिमीटर. बोटाला न जाणवणाऱ्या एवढ्याशा फरकासाठी मला नवा बॉक्स विकला जाणार होता.

कारण साधे आहे. ब्लॉक एका गाडीतला आणि बेलहाउसिंग वेगळ्या निर्मात्याचे, अशी जोडी असते तेव्हा दोघांची छिद्रे आपापल्या सहनमर्यादेत असूनही बेरीज बिघडू शकते. इंजिन बदलण्याच्या कामात अशी जोडी जवळजवळ नेहमीच असते, आणि तरीही मोजणी न करता बॉक्स वर चढवला जातो याची मला खरोखर चीड आहे. यावरचा उपाय म्हणजे एक्सेंट्रिक डॉवेल पिन, म्हणजे बेलहाउसिंगला ब्लॉकवर जागेवर धरणाऱ्या पिना, ज्यांचा एक भाग दुसऱ्याच्या मध्यापासून 0.007, 0.014 किंवा 0.021 इंच सरकलेला असतो. मी 0.007 इंचाच्या दोन पिना घेतल्या, दोघींची दिशा एकच ठेवली, बेलहाउसिंग पुन्हा आवळून मोजले आणि फरक 0.05 मिलिमीटरवर आला. संपूर्ण इंजिन बदलाच्या खर्चात या दोन पिनांची किंमत किरकोळ आहे.

त्यानंतर चौथा गिअर एकदाही सुटलेला नाही. माझे मत ज्यामुळे पूर्ण बदलले ती गोष्ट मात्र वेगळी होती: क्लचची थरथर गेली आणि ज्या छोट्या पहिल्या गिअरबद्दल मी तक्रार करत होतो तोच आवडू लागला. एकूण 12.5 चे गुणोत्तर असल्यामुळे गाडी ॲक्सिलरेटर जवळपास न देता हलते, क्लच फार थोडा वेळ घसरतो आणि चढावर थांबून निघताना जिवाची घालमेल होत नाही. क्लच प्लेट जितकी कमी घसरेल तितकी ती जास्त टिकेल, हा माझ्यासारख्या काटकसरी माणसाला पटणारा फायदा आहे.

बाकीच्या बाबी थोडक्यात सांगतो. या इंजिनाचे फ्लायव्हील मुद्दाम ठेवलेल्या 50 औंस असंतुलनाचे लागते आणि याच इंजिनाच्या 1981 पूर्वीच्या प्रकाराचे (302 घनइंच) 28 औंसचे असते. अदलाबदल झाली तर इंजिनच थरथरते आणि दोष बॉक्सला दिला जातो. क्लचसाठी मी बाहेर बसणारा स्लेव्ह सिलिंडर (क्लच सोडवणारा हायड्रॉलिक सिलिंडर) निवडला, कारण बेलहाउसिंगच्या आत बसणारा गळू लागला तर सिलसाठी अख्खा बॉक्स उतरवावा लागतो. गॅरेजने मागचा क्रॉस मेंबर (बॉक्सला आधार देणारा आडवा दांडा) खाली बसवल्यामुळे बॉक्सची शेपटी झुकलेली होती आणि ताशी 80 च्या पुढे सीटखाली गुणगुण येत होती. बॉक्सच्या आउटपुट शाफ्टचा आणि मागच्या ॲक्सलच्या पिनियनचा कल समांतर केला, प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही जॉइंटचे कोन समान आणि 3 अंशांच्या आत आणले, तेव्हा ती थांबली. शिफ्ट लिव्हर माझ्या सीटपासून जरा मागे येतो. वाकडा लिव्हर लावून काम भागले, पण टनेलमधले भोक कापण्याआधी बॉक्स तात्पुरता टांगून हे माप घेतलेले बरे.

ज्यांचे इंजिन टर्बो लावून 300 पाउंड-फूटच्या बरेच वर जाणार आहे किंवा ज्यांना गाडी ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीला) न्यायची आहे, त्यांनी टीकेएक्सच घ्यावा, त्यात दुमत नाही. माझ्यासारख्या मूळ अवस्थेतील 5.0 लिटर इंजिनाला आणि हलक्या गाडीला हा टी-5 पुरेसा आहे आणि मी तो बदलणार नाही. गॅरेजने अखेर दुसऱ्यांदा बॉक्स उतरवण्याच्या मजुरीतली अर्धी रक्कम परत केली, उरलेल्या अर्ध्यासाठी माझा पाठपुरावा सुरू आहे. कोणत्याही गॅरेजला असे काम देताना बेलहाउसिंगच्या डायल गेजचा आधीचा आणि नंतरचा आकडा बिलावर लिहून देण्याची अट सुरुवातीलाच घालावी आणि ते तयार नसतील तर गाडी तिथे ठेवू नये.