केळीच्या बागेत चार पायांचा रोबोट, नऊ महिने: सगळं चांगलं, पाय सोडून

सर्व्हिस सेंटरने मागच्या डाव्या पायाचे ३८,५०० रुपये सांगितले, त्याच दिवशी रागाने हा अनुभव लिहायला घेतला होता. तेव्हा एकच तारा देणार होतो. मग खरिपाच्या कामात दीड महिना निघून गेला आणि तेवढ्यात माझं मत बरंच बदललं. आधी लिहिलेलं खोडलं नाही, पुढे नवं जोडलंय.

यंत्र कोणतं ते बघणाऱ्याला कळेलच: पंधरा किलोचं, बारा मोटारींचं, रील्समध्ये मागे कोलांटी मारणारं. कॅमेरा, लायडार (लेसरने अंतर मोजणारा डोळा), बॅटरी यांची माहिती सगळ्यांनी वाचलेली असते, ती पुन्हा देत नाही. कंपनीचं नाव टाळलंय, कारण भांडण अजून मिटलेलं नाही.

आमची सात एकर केळी शिरपूर तालुक्यात, ठिबकवर, भारी काळ्या जमिनीत. थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला आप्पा, वय ७१, साडेअकराला हातात बॅटरी घेऊन बागेत जायचे. पंपाच्या मोटारीने पाणी उचललं का, पाणी शेवटच्या ओळीपर्यंत गेलं का, उंदराने नळी कुरतडली का, हे बघायला. मागच्या वर्षी आमच्या सालदाराला बागेतच घोणस चावली. तो वाचला, पण त्यानंतर आप्पा रात्री बाहेर पडले की मला झोप येत नसे.

१५ जानेवारी २०२५ ला पुण्यात सेनादिनाच्या संचलनात लष्कराची ‘म्यूल’ नावाची चार पायांची यंत्रं चालताना टीव्हीवर पाहिली. डोक्यात तेव्हापासून घोळत होतं. ड्रोन आमच्या कामाचा नाही, कारण केळीची पानं वर छत धरतात, खालचं काही दिसत नाही. चाकांची गाडी नळ्यांत अडकते, नळ्या ओढून नेते. पाय असलेलं यंत्र नळी ओलांडून जातं. म्हणून दिवाळीनंतर चुलतभावाने आणि मी निम्मे-निम्मे पैसे घालून ३,१०,००० रुपयांना घेतलं. शेतकऱ्याच्या घरात ही रक्कम लहान नाही, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

हिवाळा फार सुखाचा गेला. शेतातल्या खोलीतून निघायचं, पस्तीस-चाळीस मिनिटांत फेरी मारून परत यायचं. आप्पा घरी खाटेवर बसून मोबाईलमध्ये बघायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, “हाऊ कुत्रा भुकस नही, चावस नही, मंग कसाना कुत्रा?” आठव्या दिवशी तेच मला फोन करून सांगत होते की चौथ्या व्हॉल्व्हजवळ नळी फुटलीय.

एक अडचण पहिल्याच महिन्यात आली. केळीच्या सगळ्या ओळी सारख्या, सगळी खोडं सारखी. लायडारला आपण कितव्या ओळीत आहोत तेच कळेना. भाच्याने पत्र्याच्या तुकड्यांवर काळ्या-पांढऱ्या चौकोनी छापील खुणा चिकटवून दर दहा ओळींनी खुंटीवर लावल्या. त्या खुणा कॅमेऱ्याने ओळखायचा, मग चुकला नाही. खर्च तीनशेच्या आत.

रानडुकरांसाठी घेणार असाल तर घेऊ नका. चार दिवस बिचकली, पाचव्या दिवशी बाजूला उभी राहून खात होती. अमेरिकेत २००५ मध्ये ‘बिगडॉग’ नावाचा चार पायांचा रोबोट बनवला, त्याला पेट्रोलचं इंजिन होतं. त्याच घराण्यातला पुढचा मोठा रोबोट मरीन सैनिकांनी वापरून पाहिला आणि २०१५ मध्ये आवाज फार म्हणून बाजूला ठेवला. आमचं यंत्र विजेवर चालतं, त्यामुळे आवाज फारसा नाही. सैनिकाला तसंच हवं असतं, डुकरं हाकलणाऱ्याला उपयोग नाही.

एप्रिल-मेमध्ये पारा ४४ च्या पुढे गेला की दिवसा पाच मिनिटांत मोटारी तापल्याची सूचना देऊन बसून जायचा. आमचं काम रात्रीचं, म्हणून निभावलं.

आता पायांबद्दल. हे वाचलं नाही तरी चालेल असं समजू नका, माझी मुख्य तक्रार हीच आहे.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि पाय गेले. काळी माती ओली झाली की फुगते आणि धरून ठेवते. या रोबोटच्या पायाला टोकाशी लिंबाएवढा गोल रबर आहे. दुडक्या चालीत एका वेळी तिरक्या कोपऱ्यांवरचे दोनच पाय जमिनीवर असतात, म्हणजे पंधरा किलो वजन दोन लिंबांवर. घोट्यापर्यंत रुततो. उपसून निघाला की रबराभोवती मातीचा गोळा. मी तराजूवर तोलला: चारशे ग्रॅम, एका पायाला. या जातीच्या स्वस्त यंत्रांना पाय टेकला की नाही हे मोटारीवरच्या भारावरून कळतं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात सांगबे किम यांच्या चमूने ‘चीता’ रोबोटमध्ये कमी गिअरच्या मोटारी वापरून ही पद्धत पुढे आणली, आणि तिच्यामुळेच आज ही यंत्रं आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आली. पण पायाला चारशे ग्रॅमचं लोढणं बांधलं की त्याचा सगळा अंदाज चुकतो. अडखळायचा, पडायचा, उठायचा, पुन्हा पडायचा. बघवत नव्हतं.

पंचवीस जूनच्या सुमारास मागचा डावा गुडघा अडकला. सर्व्हिस सेंटरला व्हिडिओ पाठवला. उत्तर: पाणी शिरलंय, वॉरंटीत बसत नाही, पूर्ण पाय बदलावा लागेल, ३८,५००, शिवाय नेण्या-आणण्याचा खर्च तुमचा. विकताना ‘शेतीसाठी उपयुक्त’ असं छापून देतात. शेतात पाऊस पडतो हे त्यांना माहीत नव्हतं का? सात फोन केले. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. एकानेही पाय उघडून बघण्याची भाषा केली नाही.

इथपर्यंत जूनचा राग. आता नंतरचं.

गावात मोटार रिवायंडिंग करणारा माझा वर्गमित्र आहे. तो म्हणाला, आण इकडे. त्याने दीड तासात मांडी उघडली. गुडघा हलवणारी मोटार गुडघ्यात नसतेच, वर मांडीशी असते, तिथून दांडीने गुडघा हलतो. मोटार ठणठणीत होती. गुडघ्याच्या सांध्यातलं बेअरिंग गंजून बसलं होतं. बेअरिंग १६० रुपये, ग्रीस त्याच्याकडचं. मित्राने मजुरी घेतली नाही. ३८,५०० आणि १६०. हे दोन आकडे मी सर्व्हिस सेंटरला लेखी पाठवलेत, उत्तर आलेलं नाही.

पाय चालू झाला तरी चिखल तसाच होता. तेव्हा आप्पा म्हणाले, “याले कुत्राना नही, बैलना पाय जोयजेत.” मी ते दोन दिवस डोक्यातून काढू शकलो नाही. बैलाचा खूर दुभंगलेला असतो. टेकला की फाकतो, वजन पसरतं. उचलताना दोन्ही भाग जवळ येतात, मधे हवा शिरते, चिखलाची पकड सुटते. चिखलणीला बैल उगीच चालत नाही. भाच्याने शोधून दाखवलं की एस्टोनियात टॅलिनच्या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी मूस हरणाच्या खुरावरून रोबोटसाठी पाय बनवले आणि ते चिखलात कमी रुतले. आप्पांना सांगितलं तर त्यांना काहीच विशेष वाटलं नाही.

पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्रॅक्टर टायरच्या बाजूचं रबर घेतलं, प्रत्येक पायाला दोन पाकळ्या कापल्या, मधे बोल्ट. चारही पायांचे मिळून ६४० रुपये. पहिला नमुना दुसऱ्याच दिवशी फाटला. दुसऱ्यात पाकळ्या जाड केल्या आणि टाचेकडे थोड्या उतरत्या ठेवल्या. आता गोळा सव्वाशे ग्रॅमच्या आसपास बसतो आणि चालताना बराचसा आपोआप झडतो. वाफसा नसलेल्या जमिनीत अजूनही पाठवत नाही, पण पावसाने दोन दिवस उघडीप दिली की फेरी पूर्ण करतो. पाय जड झाल्यामुळे बॅटरी अठ्ठ्याहत्तर मिनिटांवरून सहासष्टवर आली. सिमेंटच्या ओट्यावर घसरतो, तिथे खूर काढून ठेवावे लागतात. चार बोल्ट, दहा मिनिटं.

तर तारे: यंत्राला चार, पायाला एक, सर्व्हिसला शून्य. मुरमाड जमीन असेल तर आहे तसा घ्या. काळ्या जमिनीत घेणार असाल तर पावसाआधी चारही गुडघ्यांची बेअरिंग काढून ग्रीस भरून घ्या आणि मगच आत सोडा. खुराचं कागदी माप भाच्याने काढून ठेवलंय, शिरपूरकडे आलात तर घेऊन जा, पैसे नकोत. या आठवड्यात लाईट पुन्हा रात्रीची आहे. मागच्या उजव्या खुराची एक पाकळी कालच सैल झालीय, संध्याकाळी बोल्ट आवळायचा आहे.