आठवीला कुठे घालायचं: पालिकेची शाळा, संस्थेची शाळा की थेट ठाणं?

नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, घणसोली या पट्ट्यात राहणाऱ्यांना मुलाला आठवीला घालताना साधारण तीन वाटा दिसतात. एक, घराजवळची महापालिकेची माध्यमिक शाळा. दोन, एखाद्या संस्थेची अनुदानित शाळा. वाशीतलं रयत शिक्षण संस्थेचं मॉडर्न स्कूल हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव. तीन, ट्रान्सहार्बर लोकलने ठाणं गाठायचं आणि सरस्वती, बेडेकर किंवा मो. ह. अशा जुन्या शाळेत नंबर लागतो का बघायचं. खासगी इंग्रजी शाळा मी इथे धरलेल्याच नाहीत. ज्यांना ती फी झेपते त्यांचे प्रश्न वेगळे असतात.

पालिकेच्या सीबीएसई शाळांचं आधीच सांगून टाकतो, कारण चौकशी सगळे तिथूनच सुरू करतात. सीवूड्स आणि कोपरखैरण्यात त्या आहेत, मोफत आहेत, पण प्रवेश अगदी खालच्या वर्गापासून सोडतीने होतात. आठवीला मधेच जागा निघेल या आशेवर दुसरीकडचा प्रवेश लटकत ठेवू नका.

खर्चाच्या बाबतीत आठवीपर्यंत पालिकेची आणि अनुदानित शाळा यांच्यात मोठी तफावत नाही. शिक्षण हक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत फी नाही, पुस्तकं सरकारकडून, दुपारची खिचडी दोन्हीकडे. पालिकेच्या शाळेत गणवेश आणि वह्या-बुटांची सोय वरून होते, पण ते सगळं जूनमध्येच हातात पडेल असं धरून चालू नका. नववीपासून पुस्तकं आपली आपण घ्यायची आणि खिचडीही बंद. अनुदानित शाळेत फी नाममात्र असली तरी संगणक, स्नेहसंमेलन, इमारत निधी अशा नावांनी काहीबाही मागितलं जातं. मागितलं तर पावती मागा, निम्मी नावं तिथेच गळतात.

फसगत होते ती तुकडीत. पाटीवर ‘अनुदानित’ लिहिलेलं असतं, पण त्याच इमारतीत एखादी तुकडी विनाअनुदानित असते, कधी सेमी इंग्रजीची, कधी अख्खं इंग्रजी माध्यम. तिची फी वेगळी, शिक्षक वेगळे. म्हणून शाळेला अनुदान आहे का, एवढंच विचारून भागत नाही. माझ्या मुलाचं नाव ज्या तुकडीत पडणार तिला आहे का, असं विचारायचं.

हा अनुदानाचा प्रश्न आठवीत आणखी एका कारणाने महत्त्वाचा ठरतो. एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती, तिची परीक्षा आठवीतच असते. सातवीला किमान 55 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना 50) आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर बसता येतं. लागली तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांचे 48,000. पण ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतल्याच मुलांसाठी आहे. हुशार मुलाला ऐन आठवीत विनाअनुदानित शाळेत हलवणं म्हणजे हे पैसे आपल्या हाताने सोडून देणं. या परीक्षेची तयारी कोण करून घेतं, गेल्या वर्षी किती मुलं लागली, हे प्रत्येक शाळेत विचाराच. ज्या शाळेत उत्तर चटकन येतं, नावानिशी येतं, तिथे शिक्षक मुलांमागे लागतात असं खुशाल समजा.

निकालाची टक्केवारी मात्र मी शेवटी बघेन. शंभर टक्के निकालाचे फलक दोन्हीकडे झळकतात. खरा आकडा वेगळा असतो: दोन वर्षांपूर्वी नववीचा पट किती होता आणि बोर्डाला शाळेतून किती बसले? मधली मुलं गेली कुठे? काही ठिकाणी कच्च्या मुलाच्या पालकांना गोडीगुलाबीने 17 नंबरचा फॉर्म भरायला लावतात. मूल बाहेरून परीक्षा देतं आणि शाळेचा निकाल चकचकीत राहतो. तुमचं मूल गणितात अडखळत असेल तर नव्वद टक्के निकाल लावून सगळ्यांना बसवणारी शाळा शंभरवालीपेक्षा केव्हाही बरी. त्यात आता आठवीलाही वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुनर्परीक्षा, तीतही गेलं तर पुन्हा आठवी.

शिक्षकांच्या बाबतीत जुन्या अनुदानित शाळा सहसा उजव्या ठरतात. गणिताला वीस वर्षं तेच सर असतात, पेपर कसा तपासला जातो हे त्यांना पाठ असतं. पालिकेच्या माध्यमिक शाळांत तासिका तत्त्वावर किंवा ठोक मानधनावर आलेले शिक्षक बरेच. त्यातले काही अप्रतिम शिकवतात, पण पुढच्या जूनला ते असतील का, हे त्यांनाही माहीत नसतं. नववी-दहावीचं गणित आणि विज्ञान कायम शिक्षकाकडे आहे का, एवढं कळलं तरी पुरे. प्रयोगशाळा उघडून दाखवा म्हणा. बाटल्यांवरची धूळ बरंच काही सांगते.

ठाण्याच्या प्रवासाला लोक उगाच भितात. सकाळची गर्दी ठाण्याहून ऐरोली-घणसोलीच्या कंपन्यांकडे येते, संध्याकाळी तीच परत जाते. आपलं मूल उलट्या दिशेने जाणार, डब्यात बसायला जागा मिळते. त्रास आहे तो ठाण्याला 9-10 नंबरवरून बाहेर पडताना, पुलावर. पण जाऊन-येऊन सव्वा-दीड तास मोडतो, आणि दहावीच्या वर्षी तो क्लासमधून किंवा झोपेतून कापला जातो. नावाजलेल्या शाळांत बहुतेक मुलं खालच्या वर्गांतूनच वर येतात. आठवीला बाहेरच्यासाठी जागा मोजक्या, त्या कुठल्या तुकडीत हेही बघावं लागतं. एक फायदा खरा आहे: त्याच आवारात संस्थेचं कनिष्ठ महाविद्यालय असेल तर अकरावीला 10 टक्के इनहाउस कोटा, म्हणजे आपल्याच शाळेच्या मुलांसाठी राखीव जागा, मिळतो.

माझं मत विचाराल तर, चालत जाण्याच्या अंतरावर पालिकेची शाळा असेल, सेमी असेल आणि गणित-विज्ञानाचे शिक्षक कायम असतील, तर तिथेच घाला आणि वाचलेला वेळ एनएमएमएसला द्या. शिक्षकांचं काही खरं नसेल तर वाशी-कोपरखैरण्याची अनुदानित शाळा. ठाणं फक्त अनुदानित तुकडीत जागा मिळत असेल तरच. विनाअनुदानित तुकडीसाठी रोज गाडी पकडण्यात काही अर्थ नाही.

आणि नव्या शाळेने प्रवेश पक्का केल्याशिवाय जुन्या शाळेतून दाखला काढू नका. दाखल्यावरचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, हे जुन्या शाळेच्या टेबलासमोर उभं राहूनच वाचून घ्या. नंतर दुरुस्तीला हेलपाटे पडतात.